आईच्या माहेरचे चौकोन

आमच्या घरात सिद्धूला पडायची बंदी होती. इतर घरांत पोरांना उन्हात खेळायची, गटारीजवळ जायची, नाहीतर जेवणाआधी बिस्किटं खायची बंदी असते. आमच्याकडे पडायची. सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत जिथे जिथे टोक होतं तिथे तिथे आईने जुन्या साड्यांच्या घड्या सुतळीने आवळून बांधल्या होत्या. पलंगाचे पाय, कपाटाची कड, शिलाई मशीनचा कोपरा, मोरीचा कठडा. पाहुणे आले की आधी त्या गाठोड्यांकडे बघत आणि मग चहाचा कप हातात घेत. सिद्धू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. तो पहिलं पाऊल टाकून चालला त्या दिवशी शेजारच्या पवारकाकूंनी साखर वाटली आणि आई मात्र भिंतीला टेकून रडत बसली. रांगणारं मूल फार उंचावरून पडत नाही, चालणारं पडतं, एवढा हिशेब तिने तेव्हाच केला होता.

त्याच्या अंगावर डाग उठायचे. काही मोहरीएवढे लाल ठिपके, पायांवर पुरळासारखे पसरलेले, आणि काही चांगले रुपयाएवढे निळे-जांभळे. त्याला नुसतं उचलून कडेवर घेतलं तरी बोटांचे ठसे राहायचे. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागे इसब होतं, ते खाजवून खाजवून ओलं व्हायचं. एक कान कायम वाहायचा, त्यामुळे त्याच्या उशीला एक आंबूस वास असायचा. बालवाडीच्या बाईंनी एकदा आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मारता का हो त्याला घरी?" आईने घरी येऊन बालवाडी बंद केली. मग तो दिवसभर घरातच असे, मशीनशेजारी बसून आईच्या दोऱ्यांच्या रिळांची बस करायचा आणि शहरातल्या मोठ्या स्टँडच्या बसचा कंडक्टर होऊन ओरडायचा, "चला सिबीएस, सिबीएस, आत सरका." भिंतीपलीकडच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर प्रेस मशीन धडधडत असे. ती थांबली की जेवणाची सुट्टी झाली हे आम्हाला घड्याळ न बघता कळे.

जेवणाचंही त्याचं वेगळं असायचं. हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून शेंगदाणे नाहीत, चिवडा नाही, भाजलेला पापड नाही. आई बाजरीची भाकरी दुधात कुस्करून इतकी मऊ करायची की ती भाकरी होती हे भाकरीलाही आठवलं नसतं. मटकीची उसळ तो नुसती हुंगायचा आणि मला म्हणायचा, "ताई, तिखट आहे का? कसं तिखट, सांग ना." मी तोंडाने वर्णन करायची. आज कुणी मला विचारलं की तू लिहायला कुठे शिकलीस, तर खरं उत्तर हेच आहे, पण ते कुठल्या मुलाखतीत सांगायची माझी हिंमत होत नाही.

दवाखान्यांचं म्हणाल तर आम्ही एकही सोडला नव्हता. रक्त तपासलं की प्लेटलेट कमी निघत, आणि नाशकात प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू हे रिक्षावाल्यालाही माहीत असतं. सिद्धूला पाच वर्षांत निदान सहा वेळा डेंग्यू झाला. त्यातले दोन ऐन उन्हाळ्यात. महापालिकेची बाई येऊन आमचा कूलर आणि पाण्याचे ड्रम उपडे करून जायची. तिची आमची इतकी ओळख झाली होती की ती आईकडून ब्लाऊज शिवून घ्यायला लागली. आई पपईची पानं वाटून त्याचा हिरवा कडू रस त्याला चमच्याने पाजायची, कुणी सांगितलं म्हणून किवी आणायची, कुणी सांगितलं म्हणून बकरीचं दूध. पुढे एका डॉक्टरांनी डेंग्यू नाही म्हटलं, शरीरच स्वतःच्या प्लेटलेट खातंय म्हटलं आणि स्टिरॉइड सुरू केलं. त्याने सिद्धूचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, प्लेटलेट मात्र होत्या तिथेच राहिल्या. त्वचेवाल्यांनी त्वचा बघितली, कानवाल्यांनी कान बघितला, रक्तवाल्यांनी रक्त. सिद्धू पूर्ण असा कुणीच बघितला नाही. मला अजूनही त्या सगळ्यांचा राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न ठरलेला असे. "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?" पप्पा लगेच उत्तर द्यायचे, "नाही, कुणालाच नाही." आई खाली बघत बसायची.

इथे पप्पांबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. पप्पा कंपनीत टर्नर होते, आणि विहाराच्या कमिटीवर. त्यांच्या वडिलांनी बौद्ध झाल्यावर घरातले देव गोदावरीत सोडले होते आणि ही गोष्ट पप्पा आम्हाला वर्षातून एकदा तरी सांगत. आमच्या घरात ताईत, अंगारा, दृष्ट काढणं यातलं काहीच चालत नसे. सिद्धूची दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेऊन आलेल्या पवारकाकूंना त्यांनी ती मीठ-मोहरी फोडणीला वापरायला सांगितली होती. त्याच काकू पुढे म्हणाल्या, "भाऊ, रागवू नका, पण त्र्यंबकला जाऊन एकदा नारायण नागबळी करून घ्या. लोक कुठून कुठून येतात." पप्पांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "काकू, रक्ताचा आजार आहे. रक्त तपासून कळेल." मला तेव्हा पप्पांचा अभिमान वाटला होता. तो आजही वाटतो, आणि त्यामुळेच पुढचं लिहिणं अवघड जातं.

आईचं माहेर पिंपळगाव बसवंत. मावशी तिथेच दिलेली, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला जायची. मी दहा वर्षांची असताना मावशीचा विक्की गेला. दोन वर्षांचा होता. न्यूमोनिया झाला असं सांगितलं गेलं. मातीला आम्ही सगळे गेलो होतो, आणि तिथे ओसरीवर बसलेल्या बाया माझ्या आजीबद्दल, म्हणजे आईच्या आईबद्दल, बोलत होत्या. म्हातारीचेही दोन मुलगे असेच गेले, या घरच्या पोरींच्या पोटाला मुलगे टिकत नाहीत, कुणाचा तरी तळतळाट आहे. आजी आत होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं. पप्पांनीही ते ऐकलं. परत येताना एसटीत ते आईला म्हणाले, "यापुढे माझ्या घरात हा विषय निघणार नाही. माझ्या बायकोला कुणी पांढऱ्या पायाची म्हणालेलं मी ऐकून घेणार नाही." आईने मान हलवली. मला वाटतं तिला बरंच वाटलं असावं. लहानपणापासून जे ओझं ती घेऊन फिरत होती ते कुणीतरी उतरवून बाहेर ठेवलं होतं. सिद्धू तेव्हा जन्मायचा होता.

मी बारावी सायन्सला असताना बायोलॉजीच्या मॅडमनी वंशावळीचा तक्ता काढायला शिकवलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, मेलेल्या माणसावर तिरकी रेघ. घरी करायला दिलं की आपापल्या घरातल्या तीन पिढ्यांत कुणाकुणाला जीभ नळीसारखी वळवता येते ते दाखवा. पप्पांकडचं काम एका संध्याकाळी झालं. आईला विचारलं तर ती म्हणाली, माझ्या माहेरचं मावशीला विचार. म्हणून मी मावशीला दुपारच्या सुट्टीत फोन लावला.

"मावशी, तुला जीभ अशी नळीसारखी वळवता येते का गं?"

"काय गं बाई, कॉलेजात हेच शिकवत्यात का?" मावशी हसली, आणि मग तिच्या टेबलावरच्या सगळ्या बाया जिभा वळवून बघायला लागल्याचा गोंधळ मला ऐकू आला. "येती मला. लय झ्याक येती. आईलाबी येती. आबांना नाय."

"आणि मामांना?"

मागच्या बायांचा आवाज हळूहळू लांब गेला, म्हणजे ती उठून बाहेर आली असावी. "कोणचे मामा?"

"दोघं होते ना."

"मेलेल्या लेकरांची जीभ कोण बघतं गं," मावशी म्हणाली. "एक आठ महिन्यांचा गेला आन् एक दोन वर्साचा. दोघांच्याबी अंगावर निळं निळं उठायचं. माझ्या विक्कीवानी. नाकातून रगत, कान तर सदा वाहायचा. तू कशापायी इचारती?"

"अशीच. अभ्यासाचं आहे."

फोन ठेवून मी दोन मामांचे चौकोन काढले, विक्कीचा काढला, आणि तिघांवर रेघा मारल्या. जीभ राहिली बाजूला. तिन्ही रेघा चौकोनांवर होत्या. तिन्ही चौकोन आईकडच्या बायकांच्या खाली होते. आणि आईच्या वर्तुळाखाली एक चौकोन अजून रेघेवाचून होता. मी फार हुशार होते असं मुळीच नाही. पुस्तकात त्या धड्याच्या चार पानं पुढे हिमोफिलियाचा तक्ता छापलेला होता, आणि माझा तक्ता तसाच दिसत होता, इतकंच.

पप्पा पहिल्या पाळीवरून आले तेव्हा मी तो कागद घेऊन मोरीशी उभी राहिले. ते हाताचं ग्रीस काढत होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि हात तेवढ्याच जोराने चोळत होते.

"ती पोरं गरिबीनं गेली," ते म्हणाले. "दूध नव्हतं, दवाखाना नव्हता, औषध नव्हतं. गरिबीनं मेलेल्या लेकरांना त्या बाया शाप म्हणत होत्या. तू आता त्याला सायन्स म्हण."

"मी शाप नाही म्हणत, पप्पा."

"मग काय म्हणतेस? तुझ्या आईच्या घरात मुलगे टिकत नाहीत, हेच ना?"

मी अगदी तेच म्हणत होते. ओसरीवरच्या बायांनी जे बघितलं होतं ते खरं होतं आणि त्याचं कारण त्यांनी खोटं दिलं होतं. पप्पांनी ते खोटं कारण हाकलताना बघितलेलंही हाकलून दिलं. हे आता मला इतक्या सरळ शब्दांत सांगता येतं. सतरा वर्षांच्या मुलीला नाही आलं. स्वयंपाकघरात आई कणीक मळत होती, तिने सगळं ऐकलं आणि ती बाहेर आली नाही. मी तो कागद जर्नलमध्ये ठेवून दिला. मॅडमना मामा आणि विक्की नसलेला दुसरा तक्ता काढून दिला. त्याला दहापैकी नऊ मार्क मिळाले.

तो कागद माझ्या जर्नलमध्ये चार महिने राहिला. त्या चार महिन्यांत सिद्धूला दोनदा छातीत कफ भरून दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी बाहेर आला तेव्हा त्याला रिळांची बस ढकलतानाही धाप लागायची आणि बस सिबीएसच्या अलीकडेच थांबायची. मी बोलू शकत होते. आईला घेऊन सरळ डॉक्टरांकडे जाऊ शकत होते, मला बसचा पास होता. मी वडिलांची आज्ञाधारक मुलगी होते, आणि आमच्याकडे याचं फार कौतुक होतं.

मग तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा त्या दवाखान्यात मुंबईहून महिन्यातून एकदा येणाऱ्या एक डॉक्टर बाई भेटल्या. वयस्कर, केस आखूड, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी सिद्धूचे कपडे काढून त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. कान, इसब, डाग, छाती, सगळं त्या एकाच बाईने. मग त्याच्या रक्ताची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघून आल्या आणि म्हणाल्या, "याच्या प्लेटलेट नुसत्या कमी नाहीत, बारीकही आहेत. मशीनने प्रत्येक रिपोर्टवर ते लिहिलंय. कुणी वाचलं नाही." आणि विचारलं, "घरात कुणी मुलगा लहानपणी गेलाय?"

"नाही," पप्पा म्हणाले.

त्या आईकडे वळल्या. "मी तुम्हाला विचारते आहे. तुमच्या माहेरी?"

आई पप्पांकडे न बघता म्हणाली, "तीन."

पप्पांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिने त्यांचा एवढा एकच शब्द मोडलेला मी पाहिला. "दोन भाऊ, एक बहिणीचा पोरगा," ती म्हणाली. "असेच. हेच सगळं." मी कॉलेजातून सरळ तिथे आले होते, जर्नल दप्तरातच होतं. मी कागद काढून टेबलावर ठेवला. बाईंनी तो सरळ करून बघितला.

"कधी काढलास?"

"चार महिने झाले."

त्यांनी पेन घेतलं आणि आजीच्या, मावशीच्या आणि आईच्या वर्तुळात मधोमध एकेक ठिपका दिला. माझ्या वर्तुळाशी पेन थांबलं, तिथे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

रक्त मुंबईला गेलं, तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दोन परदेशी डॉक्टरांच्या नावांचा आजार होता, आईला ते नाव शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. बाईंनी कागदावर चित्रं काढून समजावलं. हा आईकडून येतो. आईला स्वतःला काही होत नाही, मुलींनाही सहसा होत नाही, पण त्या तो पुढे नेऊ शकतात. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच धड नसतात, म्हणून रक्तही थांबत नाही आणि जंतूही. भावंडाची अस्थिमज्जा जुळली आणि मूल लहान असतानाच घातली तर मूल बरं होतं. "बरं होतं म्हणजे?" पप्पांनी विचारलं. "पूर्ण?" "पूर्ण," बाई म्हणाल्या, "पण लवकर यायला हवं होतं."

रिक्षात त्र्यंबक रोडने परत येताना सिद्धू आईच्या मांडीवर झोपला होता. मग आई म्हणाली, "म्हणजे त्या बाया खरंच बोलत होत्या."

"नाही," पप्पा म्हणाले. "तो शाप नाही. आजार आहे. जनुकांमधला. तुझी काही चूक नाही त्यात."

"लेकराला काय फरक पडला?" आईने विचारलं. पप्पांनी तोंड बाहेर वळवलं आणि घर येईपर्यंत ते रस्त्याकडे बघत राहिले. मी समोरच्या आरशात त्यांचा चेहरा बघत होते. ज्या माणसाने आयुष्यभर घरात अंधश्रद्धा येऊ दिली नाही, त्याच्या घरात तेवढ्यानेच एक मूल मरायला टेकलं होतं, आणि त्यांना ते कळलं होतं. मला त्यांची दया आली आणि ते मला सहन झालं नाही.

माझी अस्थिमज्जा जुळली नाही. दुसरं भावंड नव्हतं. अनोळखी दात्यांच्या यादीत शोधलं, तिथेही कुणी नाही. पप्पांची अर्धी जुळत होती, ते करता येईल असं डॉक्टर म्हणाले, पण आधी छाती साफ व्हायला हवी. छाती साफ झाली नाही. जूनमध्ये एका दुपारी, वर्कशॉपची प्रेस जेवणासाठी थांबलेली असताना, सिद्धू आईला म्हणाला, डोकं दुखतं. तासाभरात तो शुद्धीवर नव्हता. डोक्यात आतल्या आत रक्त वाहिलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला आई एकच वाक्य सांगत होती, "तो पडला नव्हता हो. कुठंच पडला नव्हता." पुण्यानुमोदन झाल्यावर पप्पांनी ब्लेड घेतलं आणि पलंगाच्या, कपाटाच्या, मोरीच्या सगळ्या सुतळ्या कापून काढल्या. पवारकाकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

त्यानंतर आई बदलली. ती माझ्याकडे बघायची आणि बघता बघता दुसरीकडे बघायची. पिंपळगावला ती पुन्हा कधी गेली नाही, आपल्या आईच्या मातीलाही नाही. माझ्या लग्नाचं कुणी काढलं की उठून आत जायची. कधीतरी भाजी निवडताना म्हणायची, "मी मेले असते लहानपणी तर बरं झालं असतं, तिथंच थांबलं असतं." मी रागावायची. आई, यात तुझा दोष नाही, हे वाक्य मी तिला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मलाच ते पोपटपंची वाटायला लागलं. खरं म्हणजे तिच्या हातात तो दोष मीच दिला होता. कागद माझा होता. त्याने सिद्धू वाचला नाही, फक्त कुणामुळे ते कळलं.

मुंबईच्या बाई म्हणाल्या होत्या, अठरा पूर्ण झाली की येऊन तुझी तपासणी करून घे. मी बाविसाव्या वर्षी गेले, पहिली नोकरी लागल्यावर. आईला सांगून गेले, ही माझी चूक. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. बाई महिन्यातून एकदा येत त्याच दवाखान्याच्या जिन्यावर बसून मी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. मग पायी निघाले. बस मिळत होत्या, पण मला वेळ हवा होता. पुढे जी जी स्थळं आली त्यांना नोकरीचं, परीक्षेचं, कधी पप्पांच्या तब्येतीचं कारण सांगत मी दिवस काढले, आणि आता तो विषय आपोआप मिटला आहे. आई मागल्या वर्षी गेली. पप्पा माझ्याजवळ असतात. त्यांनाही हे इथे वाचूनच कळेल.

त्या संध्याकाळी मी घरात शिरले तेव्हा आई मशीनवर बसली होती, पण मशीन चालू नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"नाही निघालं," मी म्हणाले. "माझ्यात नाही."

"नक्की?"

"नक्की. बाई स्वतः म्हणाल्या."

आई उठली. दारात जाऊन तिने पवारकाकूंना हाक मारली आणि त्यांना सांगितलं, मोठ्याने, आजूबाजूच्या दोन-तीन घरांना ऐकू जाईल असं. मग आत आली, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आणि सिद्धू गेल्यापासून पहिल्यांदा हसून म्हणाली, "एवढी एक तरी माझ्याकडून धड आलीस."